ग्रहणात सुरेखा हललीसुद्धा नव्हती

खाडीला ओहोटीची सुकती लागली की आमच्या वाडीतल्या बायका तिसऱ्यांच्या शिंपल्या काढायला चिखलात उतरतात. त्या दिवशी माझी सून सुरेखा गेली होती, आणि तिच्याबरोबर तिचा ओमकार, माझा नातू. मी पडवीत जुनं जाळं सांधत बसलो होतो. ओमकार एकटाच वर आला, छातीपर्यंत भिजलेला. चांगला वीस वर्षांचा गडी आहे, पण बोलणं नाकातून येतं. परक्या माणसाला कळत नाही, मला सगळं कळतं. तो म्हणाला, "आबा, आई पाण्यात झोपली..." मी जाळं टाकून धावलो. या वयात धावलो. गुडघाभर पाणी होतं हो. ज्या पाण्यात पोरं डुंबतात त्या पाण्यात फिट येऊन ती तोंडावर पडली होती. बाकीच्या बायका पलीकडच्या टोकाला, कुणाला पत्ता नाही. ओमकारने तिला एकट्याने उचलून काठावर आणलं होतं, तोंडावरचा चिखल स्वतःच्या सदऱ्याने पुसला होता, आणि मग तो मला बोलवायला आला होता. त्याला वाटलं, आबा आले की उठवतील.

लोक म्हणतात, आबा, झालं ते झालं, आता मन शांत ठेवा. माझं मन शांत नाही आणि ते ठेवायची माझी इच्छाही नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. सारं आयुष्य होडीवर तांडेल म्हणून गेलं, हातात सुकाणू होतं, पेन नव्हतं. पण तिच्या दिवसकार्याला, माझ्याच ओटीवर बसून, माझाच चहा पिता पिता एक बाई दुसरीला म्हणाली, "गिऱ्हाणानं आधी पोराला धरलान, आता आईला नेलान. तेव्हा पाळलं असतं तर ही वेळ नसती आली." तिथेच ठरवलं की हे लिहायचं. शुद्धलेखन पेपरवाल्यांनी बघावं. खरंखोटं मला विचारावं, कारण त्या ग्रहणाला त्या घरात मी होतो.

सुरेखा जयगडकडची. दिनेशशी, माझ्या मुलाशी, तिचं लग्न झालं तेव्हा तिला लहानपणापासून फिट येतात हे तिच्या माहेरच्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं. ती रोज संध्याकाळी एक गोळी घ्यायची आणि ती पुडी मिशरीच्या डब्यात लपवून ठेवायची. मिशरी तर ती लावत नव्हती. पहिल्याच वर्षी चुलीजवळ पडली, तेव्हा सगळं बाहेर आलं. माझी बायको डोक्याला हात लावून बसली. "फसवल्यान आपल्याला. परत पाठवा." मी म्हटलं, "बाजारातून आणलेली सुरमई नाय ती, कल्ले उघडून बघून परत द्यायला. माणूस आणलंय घरात." दिनेश बाजूला उभा राहून नुसता पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता. पण तो बोलला नाही म्हणून बिघडलं नाही, मी बोललो होतो. त्या दिवसापासून सुरेखा माझी झाली. मुलीसारखी वगैरे मी म्हणत नाही. मुलगी बापाचं ऐकते. ही माझ्याशी भांडायची.

धक्क्यावर लिलावात पाटी उचलायला ती उभी राहिली की दलाल वळून बघायचे, इतका तिचा आवाज. एकदा एक पर्यटक गॉगल लावून आला आणि विचारायला लागला, "ताई, मासा ताजा आहे ना?" सुरेखा म्हणाली, "तुमच्यापेक्षा ताजा आहे, दादा. तुम्ही पुण्याहून रात्रभर गाडीत बसून आलात, हा आत्ता उतरलाय." तो हसला आणि पाटीतले सगळे बांगडे घेऊन गेला. अशी बाई. आणि या बाईला आमच्या माणसांनी वर्षानुवर्षं मान खाली घालायला लावली, त्याचा मला राग आहे.

तिला दिवस गेले. आता नीट ऐका, कारण चूक इथे झाली आणि ती ग्रहणाने केलेली नाही. बायको तिला रत्नागिरीत दवाखान्यात घेऊन गेली. जाताना रिक्षात तिला सांगून ठेवलं, "फिटचं तिथं बोलू नकोस गो. बाकावर आपल्याच वाडीतल्या बसलेल्या असतात. माझ्या लेकीचं लग्न व्हायचंय, उद्या म्हणतील घरात रोग आहे." हे मला पुष्कळ उशिरा कळलं. बायको आता नाही, पण गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं हा नियम मी तिच्यासाठी पाळणार नाही. तिनेही माझ्याबद्दल कधी पाळला नसता. सुरेखाने तोंड बंद ठेवलं. डॉक्टरांनी वजन केलं, रक्त तपासलं, लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पुढचा नंबर बोलावला. याशिवाय दुसरी कसली गोळी चालू आहे का, एवढा एक प्रश्न... तो विचारायला किती वेळ लागतो? तिने आपणहून सांगितलं नाही हे खरं. पण विचारलं असतं तर ती खोटं बोलणारी नव्हती.

आणि दुसरा तो डॉक्टर, फिटची गोळी लिहून देणारा. त्याने तर तिला लग्नाआधी पाहिली, लग्नानंतर पाहिली. गळ्यात मंगळसूत्र आलं, हातात हिरवा चुडा आला, त्याने कागदावर तीच गोळी लिहिली. बाई गं, आता तुझं लग्न झालं, मूल हवं असेल तेव्हा आधी मला येऊन सांग, या गोळीने पोटातल्या बाळाला त्रास होऊ शकतो, आपण बदलून बघू... कधीच म्हणाला नाही. मी तुम्हाला धंद्यातली गोष्ट सांगतो. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली खडक आहे हे ज्या तांडेलाला ठाऊक आहे आणि जो नव्या माणसाच्या हातात सुकाणू देताना ते सांगत नाही, त्याची होडी फुटली तर आम्ही समुद्राला दोष देत नाही. त्या तांडेलाच्या होडीवर पुन्हा कोणी चढत नाही. शिकलेल्या माणसांना हा नियम का नाही, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

मग ते ग्रहण. सूर्याचं होतं, सकाळचं. तिला सहावा महिना. आमच्यात ग्रहणाला होडी सोडत नाहीत, म्हणून मी घरी होतो, आणि दुसरं काम नव्हतं म्हणून आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून होतो. बायकोने खिडकीला गोधडी लावली. सुरेखाला चटईवर पाय सरळ करून बसवलं. पोटुशी बाईने ग्रहणात काही कापायचं नाही, चिरायचं नाही, शिवायचं नाही, अंगसुद्धा खाजवायचं नाही, नाहीतर पोराला खोड निघते, असं आमच्यात धरतात. घरातली विळी, कात्री, दाभण, सगळं बायकोने आधीच पोत्यात घालून बाहेर ठेवलं होतं. सुरेखाच्या कपाळावर माशी बसली. तिने हाकलली नाही. घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला, पुसला नाही. मी म्हटलं, "अगो, पाणी तरी पी." तिने मानेनेच नाही म्हटलं. बाहेर भिकारणी "दे दान, सुटे गिऱ्हाण" ओरडत गेल्या, ग्रहण सुटलं, तेव्हा तिला उठवायला दोघांनी धरावं लागलं, इतके पाय आखडले होते. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ती हललीसुद्धा नव्हती.

ओमकार जन्मला तो वरचा ओठ दुभंगलेला आणि टाळूला भोक. पहिले काही दिवस नुसता पडून असायचा, रडायचाही नाही. मग हातपाय थरथरायला लागले. बाळंतिणीजवळच्या बाईने सांगितलं, थंडी वाजत असेल, गुंडाळा. दूध अंगावर ओढता येईना. बोंडल्याने पाजलं तर अर्धं नाकातून बाहेर. सुरेखा त्याला उभा धरून, मांडीवर टेकवून, थेंब थेंब पाजायची, आणि पाजून होईतो पुढच्या वेळचं दूध काढायची वेळ व्हायची. आणि बघायला येणाऱ्या बायका पाळण्यात डोकावून आधी ओठ बघायच्या, मग सुरेखाच्या हातांकडे बघायच्या. "काय कापलंस गो?" आधी हळू विचारायच्या, मग उघड. मी सांगितलं, काही कापलं नाही, मी समोर होतो. तर म्हणे, तुम्ही पुरुष, तुम्हाला काय कळतंय, तिनं चोरून कापलान असेल. अहो, विळी पोत्यात, पोतं अंगणात, मी उंबऱ्यावर, ती चटईवर. कापणार काय आणि कशाने? पण आमच्या लोकांचं असं आहे, डोळ्यांनी पाहिलेल्यापेक्षा आजीने सांगितलेलं मोठं. कुणाच्या घरी डोहाळजेवण असलं की सुरेखाला बोलावणं येत नसे. बोलावलंच तर कोपऱ्यात बसवायचे, ओटी भरायला पुढे येऊ द्यायचे नाहीत. धक्क्यावर गर्जणारी बाई घरी येऊन गप्प भांडी घासायची.

मला सर्वांत जास्त राग याचा आहे, की शेवटी तिलाच ते खरं वाटायला लागलं. एका संध्याकाळी मी विडी ओढत बसलो होतो, तर जवळ येऊन विचारते, "आबा, त्या दिवशी मी पदराचा सुटलेला दोरा तोडला होता का? बोटाने? तुम्ही बघत होता ना?" मी म्हटलं, नाही तोडलास. काही दिवस गेले की पुन्हा. "झोपेत नख चावलं असेल का मी?" नाही चावलंस, तू झोपलीच नव्हतीस. मी किती वेळा सांगितलं असेल... मोजत बसलो नाही. तिला साक्षीदार पुरत नव्हता. तिला कारण पाहिजे होतं, आणि ते माझ्याकडे नव्हतं.

ओमकारचा ओठ तान्हेपणीच शिवला, टाळू नंतर शिवली. शिवणाऱ्या डॉक्टरांचे हात सोन्याचे, पण तेही म्हणाले, होतं असं कधी कधी. शाळेत घातला तर त्याला अक्षर बसेना. मास्तर म्हणाले, मोठ्या डॉक्टरला दाखवा. दिनेश ट्रॉलरवर होता, म्हणून मी आणि सुरेखा घेऊन गेलो. लहान मुलांची डॉक्टरीण, वयाने आमच्या मुलीएवढी. तिने ओमकारच्या ओठाकडे पाहिलं आणि मग त्याची बोटं हातात घेऊन एकेक नख बघत बसली. त्याची नखं लहान आहेत, काही बोटांना तर नावालाच. आम्हाला कधी वाटलं नव्हतं की त्यात काही बघण्यासारखं आहे. मग तिने मान वर करून विचारलं, "पोटात होता तेव्हा तुमच्या कसल्या गोळ्या चालू होत्या?" जो प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही, तो शेवटी असा आला. सुरेखाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, सांग. तिने पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी ती दोन्ही बाजूंनी वाचली. मग म्हणाल्या, "या गोळीने काही मुलांना असं होतं. सगळ्यांना नाही. तुमच्या मुलाला यानेच झालं असं मी शंभर टक्के सांगू शकत नाही. पण ग्रहणाने झालं नाही, हे मी शंभर टक्के सांगते." ग्रहणाचं आम्ही काढलंच नव्हतं. त्यांना रोज ऐकावं लागत असणार. सुरेखाने विचारलं, "मग मी गोळी घ्यायलाच नको होती का?" त्या म्हणाल्या, "तसं नाही. गोळी सोडली असती आणि मोठी फिट आली असती, तर तुम्ही दोघंही गेला असता. आधी सांगितलं असतं तर कदाचित दुसरी देता आली असती. आणि सांगायचं काम तुमच्या आधी आमचं होतं." इतक्या वर्षांत शिकलेल्या माणसाच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकच वाक्य, ज्यात 'आमचं' हा शब्द होता.

मला वाटलं, आता हिच्या डोक्यावरचं ओझं उतरेल, ही रडेल, मोकळी होईल. ती रडली नाही. परतताना भाट्याच्या पुलावर वारा लागला तेव्हा एवढंच म्हणाली, "आबा, मी रोज हा झोपल्यावर याच्या पाया पडत होते. माफी मागत होते." त्यानंतर जे ग्रहण आलं, ते भरदिवसा. वाडी दारं लावून आत बसली. सुरेखाने विळी आणि पाट ओट्यावर आणला आणि सगळ्यांच्या खिडक्यांसमोर बसून एक भली मोठी घोळ मासळी कापायला घेतली. बायको आतून ओरडत होती, "अगो, आत ये, लोक काय म्हणतील." सुरेखा म्हणाली, "म्हणून झालंय त्यांचं." मी जाऊन तिच्या शेजारी बसलो. तुकडे सरळ पडत होते, हात जरासुद्धा हलत नव्हता. ती म्हणाली, "बघा आबा, काय होतंय का." मी म्हटलं, "होईल. डोकं मोठं ठेवलंयस, कालवण चांगलं होईल." त्या दिवशी ती पुष्कळ दिवसांनी मोठ्याने हसली.

त्यानंतर तिला एक सवय लागली. धक्क्यावर, बाजारात, एसटीत, कुठेही नवी सून किंवा पोटुशी बाई दिसली की ही सरळ विचारायची, "कसली गोळी चालू आहे का गो तुला? फिटची, डोक्याची, कसली पण? डॉक्टरला सांगितलंस?" बायका टाळायला लागल्या, मागून नाव ठेवलं, गोळीवाली. तिला फरक पडत नव्हता. आणि प्रत्येकीला ती दुसरं वाक्यही सांगायची, ते लोक सोयीस्कर विसरतात. "आपल्या मनानं गोळी बंद करायची नाय हां. दोन्ही ऐक. अर्धं ऐकून घरी जाऊ नकोस." आमच्या पलीकडच्या घरातली शेवंती, तिची सून प्राची, तिलाही फिट येतात. लग्न होऊन आली तशी सुरेखाने तिला हाताला धरून डॉक्टरकडे नेली. मूल राहायच्या आधीच तिची गोळी बदलून घेतली. शेवंतीने तेव्हाही तोंड वाकडं केलं होतं.

सुरेखाची स्वतःची गोळी मात्र... जिथून ती आणायची त्या सरकारी दवाखान्यात गेले काही आठवडे एकच उत्तर होतं, आली नाही, पुढच्या आठवड्यात या. ती अर्धी अर्धी करून पुरवत होती. घरात कोणाला बोलली नाही. म्हणजे बघा, जी गोळी तिच्या पोटात पोर असताना कोणी बदलली नाही, तीच गोळी तिला जगायला पाहिजे होती तेव्हा कोणी दिली नाही. यात ग्रहण कुठे आहे ते मला दाखवा.

आणि दिवसकार्याला ओटीवर बसून ते वाक्य बोलणारी बाई ही शेवंतीच होती. मी ऐकतोय हे तिला कळलं, तेव्हा सारवासारव करायला म्हणाली, "नायतर त्या गोळ्यांनीच केलान म्हणा. सुरेखाच सांगायची ना, गोळ्यांनी पोर बिघडतं म्हणून. मी आमच्या प्राचीच्या बंद केल्यात." प्राचीला तेव्हा पाचवा महिना होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेवंतीच्या पडवीत जाऊन बसलो. ओमकारही माझ्यामागून आला आणि शेजारी बसला. शेवंती बाहेर आली. "तांडेल, सकाळी सकाळी?"

"प्राचीला डॉक्टरकडे ने."

"नेऊ नंतर. चहा घ्या नि घरी जा."

"चहा घेईन. घरी जाणार नाय."

"मग काय इथं बसून राहणार?"

"ती निघेपर्यंत."

"माझी सून, माझं नातवंड. तुम्हाला काय पडलंय?"

"माझ्या सुनेचं नाव घेऊन तू गोळी बंद केलीस, म्हणून पडलंय. स्वतःच्या अकलेनं केली असतीस, तरी आलो असतो."

ती पाय आपटत आत गेली. मी बसलो. शेजारीपाजारी येऊन बघून गेले, कोणी म्हणालं म्हातारा धक्क्याने चळला. दुपारी शेवंतीने पुढ्यात ताट आणून आदळलं, मी जेवलो, ओमकार दोनदा भात मागून जेवला. रुसून बसलो असतो तर उपाशी राहिलो असतो. उन्हं कलली तेव्हा प्राची चपला घालून, पिशवी घेऊन बाहेर आली आणि सासूकडे न बघता म्हणाली, "चला आबा." शेवंती पदर सावरत मागून धावली, कारण सून परक्या म्हाताऱ्याबरोबर दवाखान्यात गेली तर लोक काय म्हणतील, हे तिला गोळीपेक्षा मोठं होतं. चालेल. कशाने का होईना, आली.

आत प्राचीला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, सगळं ठीक ना? शेवंती म्हणाली, ठीक आहे. मी तोंड उघडणार होतो, पण प्राचीच बोलली. खाली बघत, पण बोलली. "मॅडम, माझी फिटची गोळी घरी बंद केलीय." डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि शेवंतीला जे काही सुनावलं, ते मी इथे लिहीत नाही. माझ्या मनासारखं होतं एवढंच सांगतो. गोळी त्याच संध्याकाळी तिथेच सुरू झाली. पोटातल्या बाळाचा फोटो काढला, ओठ नीट दिसतोय म्हणाल्या. बाकीचं जन्मल्यावर बघू, खोटी खात्री देत नाही, असंही म्हणाल्या.

परत येताना रिक्षात मी पुढे, रिक्षावाल्याच्या बाजूला. मागे शेवंती पुटपुटत होती, ती मला ऐकू यावं म्हणूनच. "सुनेची सवय सासऱ्याला लागली. लोकांच्या घरात नाक खुपसायची."

मी मागे न बघता म्हटलं, "होय. तिचीच आहे. आता सुटायची नाय."